कुठलं वडगाव?

आज दुपारी एका पोस्टमनचा फोन. "साहेब, तुमचं पाकीट आलंय, पण या नावाच्या बाई आमच्या वडगावात नाहीत हो." माणूस गोड बोलला, त्याच्यावर राग नाही. पण ते वडगाव शेजारच्या जिल्ह्यातलं! माझी आत्या राहते ते वडगाव माझ्या दारापासून १४ किलोमीटर, मध्ये एक ओढा आणि दोन फाटे. रजा नव्हती म्हणून सहीचे कागद स्पीड पोस्टने टाकले, त्याला आज नऊ दिवस झाले.

हो, पिनमधला तिसरा आकडा माझ्याकडूनच चुकला, मान्य. पण खाली तालुका-जिल्हा ढळढळीत लिहिलाय ना राव, वाचायला कुणी आहे की नाही तिकडे?

गंमत म्हणजे हाच आकडा मी १९९७ ला पण चुकवला होता. याच वडगावच्या शाळेत जागा निघालेली, अर्जाचा शेवटचा दिवस, पोस्ट बंद झालेलं, मग रात्री सायकल हाणत स्टेशनवर. प्लॅटफॉर्मच्या टोकाला आरएमएसचं, म्हणजे रेल्वे टपाल सेवेचं ऑफिस, पिवळा बल्ब, भिंतभर लाकडी खण, सुतळीचे गुंडे आणि लाखेचा तो वास. एका काकांनी चष्म्यावरून पाकीट बघितलं. "कुठलं वडगाव रे? ओढ्यापलीकडचं? मग पिन कुणाचा घातलास?" आकडा खोडला, नीट लिहिला, धाडकन थप्पा, पाकीट खणात. नोकरी नाही मिळाली, ती गोष्ट वेगळी.

ते ऑफिस आता बंद. म्हणजे 'मर्ज' झालं, बंद म्हणायचं नसतं. आता सगळ्या थैल्या छाननीसाठी १६० किलोमीटरवरच्या हबला, म्हणजे मोठ्या केंद्राला जातात, म्हणजे मी पिन बरोबर घातला असता तरी माझं पाकीट १६० जाऊन १६० परत येणार, १४ किलोमीटरसाठी! याला म्हणे नेटवर्क सुधारणा. कुणाच्या डोक्यातून निघतं हे?

आणि पिन आला कशासाठी? एकाच नावाची ढीगभर गावं, त्यांचा घोळ होऊ नये म्हणून. १९७२ ला आपल्याच श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणला, संस्कृतचे मोठे पंडित होते ते. तिसरा आकडा सॉर्टिंगच्या जिल्ह्याचा, म्हणून तर पाकीट भलत्याच जिल्ह्यात गेलं. पण त्या पिनच्या जोडीला ओढा माहीत असलेला माणूस बसलेला असायचा, तो काढून टाकला आणि उरला नुसता आकडा.

पत्रं कमी झालीत, कबूल. चार पाकिटांसाठी रात्रपाळी कोण ठेवणार, तेही ठीक. पण नोटिसा, एटीएम कार्डं, कोर्टाचे कागद अजून टपालानेच येतात ना? २०२५ मध्ये तर रजिस्टर पोस्टसुद्धा स्पीड पोस्टमध्ये घातलंय, म्हणजे सगळी भिस्त त्याच हबवर.

जाऊ दे. फार चिडलो. त्या काकांचं नाव पण विचारलं नव्हतं मी तेव्हा, सायकलला स्टँड नव्हता म्हणून पळालो लगेच.

पोस्टमन म्हणाला, रिटर्न टाकतो. म्हटलं नको दादा, परत त्या हबला नको, राहू दे तुमच्याकडेच. तुमचं वडगाव किती लांब? ११० किलोमीटर. शनिवारी निघतोय.