पाण्याची पातळी आणि पारदर्शक स्लायडर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

सांगलीच्या पुराचा नकाशा दाखवणाऱ्या आमच्या विंडोज ॲपवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: त्रिमितीय नकाशावर पारदर्शक स्लायडर ठेवणं ही नुसती सजावट, कंट्रोल बाजूच्या पॅनेलमध्येच शोभतात, आणि वर ठेवायचेच असतील तर नकाशावर एक पारदर्शक विंडो टाकली की झालं, नकाशाचं चित्र टेक्स्चर म्हणून (ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत) फिरवण्याचा द्राविडी प्राणायाम कशाला?

पहिला मुद्दा बहुतेक ॲपना लागू आहे. छपाईची, फाइलची बटणं आम्हीही बाजूलाच ठेवलीत. पण पुराच्या पाण्याची पातळी ठरवणारा स्लायडर वेगळा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पॅनेल बाजूला होतं तेव्हा माणसं आकडा बघत स्लायडर सरकवायची, मग मान वळवून नकाशा बघायची, तोवर सूर्यवंशी प्लॉट हा वस्तीचा भाग पाण्याखाली गेलेला असायचा. २०१९ चा पूर अंगावर घेतलेल्या सांगलीकराला पाणी कुठल्या बोळातून शिरतं तेच तर बघायचं असतं!

आता दुसरा मुद्दा. तुम्ही सुचवलेला उपाय मी दोन महिने वापरलाय. ॲप माउसने ओढलं की नकाशा पुढे जायचा आणि स्लायडर मागून फरफटत यायचा. क्लिकचा घोळ वेगळाच. अशा पारदर्शक (लेयर्ड) विंडोत पिक्सेलचा अल्फा, म्हणजे तो किती अपारदर्शक हे सांगणारा ० ते २५५ मधला आकडा, ० असेल तर क्लिक आरपार खाली जातो. १ असेल तर डोळ्याला काही दिसत नाही, पण क्लिक अडतो. स्लायडरच्या सावलीची कड तशीच होती. तिथे नकाशा ओढायला गेलं की तो हलायचाच नाही, आणि कारण सापडायला मला एक अख्खा दिवस लागला. शिवाय तिथे रंग आधीच अल्फाने गुणून द्यावे लागतात: अर्धपारदर्शक पांढरा म्हणजे २५५ नव्हे, तिन्ही रंग १२८ आणि अल्फा १२८. मी न गुणता दिले, तर ‘४५ फूट’ या अक्षरांच्या कडा भगभगीत, करवतीसारख्या दिसायला लागल्या.

बरं, डब्ल्यूपीएफचं (आमच्या ॲपची बटणं, स्लायडर रंगवणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली) बटण थेट नकाशाच्या विंडोवर ठेवावं, तर ते तिच्यामागे लपतं. यालाच एअरस्पेसची अडचण म्हणतात. बटण एकजण रंगवतो, नकाशा दुसरा, आणि एकाला दुसऱ्याचे पिक्सेल दिसत नाहीत. पारदर्शकता म्हणजे मिसळणं. त्यासाठी दोन्ही चित्रं एकाच्याच हातात हवीत. डब्ल्यूपीएफमधलं डी-थ्री-डी-इमेज ते करतं, २००८ च्या डॉट नेट ३.५ सर्व्हिस पॅक १ पासून. त्याला डायरेक्ट थ्रीडी (मायक्रोसॉफ्टची त्रिमितीय चित्रं काढणारी प्रणाली) ९ चाच सरफेस, म्हणजे त्या आवृत्तीत काढलेलं चित्र, चालतो. आमचा नकाशा आवृत्ती ११ वर, म्हणून मध्ये दोन्ही आवृत्त्यांना वापरता येणारं शेअर्ड टेक्स्चर आलं. एक जादा कॉपी होते हे खरं, पण स्लायडर आता नकाशाला चिकटून राहतो.

एक गोष्ट मात्र लेखात यायला हवी होती. विंडोज ८ पासून चाइल्ड विंडोही (मुख्य विंडोच्या आतली विंडो) लेयर्ड करता येते, फक्त ॲपच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) विंडोज ८ ची नोंद लागते. मग ती मुख्य विंडोबरोबरच सरकते, फरफट थांबते. तुमचं ॲप डब्ल्यूपीएफशिवाय, विंडोजच्या मूळ साध्या विन-३२ वर असेल तर आधी हेच करून बघा. लेखात तसा परिच्छेद आजच घालतो.