अर्धवेळ नोकरीत पूर्णवेळ कसं राबावं

मूल झालं आणि अर्धवेळ नोकरी मिळाली? अभिनंदन! आता करारपत्र कपाटात तळाशी घाला. त्यात आठवड्याला 24 तास असं लिहिलंय खरं, पण तो आकडा पगार कापण्यापुरता आहे. कामाला लावायचा नाही.

40 तासांचे 24 झाले तेव्हा पगार लगेच 60 टक्क्यांवर आला, पैशापैशाचा हिशेब लागला. कामाच्या यादीला कात्री लावायची मात्र राहूनच गेली. त्याची आठवण करून देऊ नका, वाईट दिसतं. मुकाट्याने 32 तास काम करा. म्हणजे तुमचा ताशी दर आपोआप पाव हिश्श्याने उतरतो आणि कंपनीला अनुभवी माणूस सवलतीत मिळतो.

निघायच्या वेळेला दहा मिनिटं उरली की मीटिंग ठरेल. योगायोग समजा. पाळणाघर वेळेवर बंद होतं, हा पाळणाघराचा हेकटपणा. त्याची माफी तुम्ही मागायची. बॅग उचलताना कुणीतरी म्हणेलच, "मजा आहे बुवा तुमची!" तेव्हा हसा. सकाळपासून जेवायलाही उठला नाहीत, हे सांगायची ती वेळ नव्हे. आणि तुम्ही बाप असाल तर "का, बायको नाही का घरी?" याचंही उत्तर तयार ठेवा.

बुधवार तुमच्या कामाचा दिवस नाही, म्हणून तो पगारातून वजा झालाय. तरीही फोन येईल. "फक्त एक मिनिट" म्हणणाऱ्यावर शंका घेऊ नये. एका हाताने मुलाच्या डोक्यावरचा साबण धुवा, दुसऱ्या हाताने म्यूटचं बटण सांभाळा आणि आकडे तोंडपाठ सांगा. मूल रडलंच तर "सॉरी" म्हणा. मुलाला नव्हे, साहेबांना.

उरलेलं काम मूल झोपल्यावर. मात्र रात्री साडेअकराला मेल पाठवून स्वतःचं हसं करून घेऊ नका. सकाळी आठची वेळ लावून ठेवा. अशाने तुमचे जादा तास कुठेच दिसत नाहीत, आणि न दिसणाऱ्या तासांचे पैसे द्यायची वेळ कुणावर येत नाही. टाइमशीटमध्ये 24च भरा. सिस्टिम जास्त घेतही नाही.

वाचनाची आवड असेल तर जपून. क्लॉडिया गोल्डिन या अर्थशास्त्रज्ञ बाईंना 2023 साली नोबेल मिळालं. वेळीअवेळी हजर राहणाऱ्याला ताशी जास्त पैसे देणाऱ्या नोकऱ्यांना त्या हावऱ्या नोकऱ्या म्हणतात. घरातला एक जण तिकडे जातो, दुसरी व्यक्ती, बहुतेकदा आईच, मुलांसाठी कमी पैशांचं काम धरते. तुमच्या साहेबांनी या संशोधनाच्या पुढे मजल मारली आहे: हाव तीच, दर मात्र उतरता.

2024 साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने तर कमालच केली. अर्धवेळ कर्मचाऱ्याला जादा कामाचा वाढीव दर पूर्णवेळचे तास भरल्यावरच द्यायचा, हा सबळ कारण नसेल तर भेदभाव ठरतो, असा निकाल दिला. जर्मनीतल्या दोन अर्धवेळ कर्मचाऱ्यांनी हा खटला लढवला होता. त्यांना एवढी फुरसत कशी मिळाली, देव जाणे. ऑफिसात हा विषय काढू नका, लोक विचारतील, "तुम्हाला असलं वाचायला वेळ असतो?"

वार्षिक मूल्यांकनात "झोकून देऊन काम करत नाहीत" असा शेरा येईल. आभार माना. अगदीच सहन झालं नाही तर सरळ पूर्णवेळ करून मागा. साहेब खुर्ची मागे सरकवतील आणि आपुलकीने सांगतील, "बजेट नाही हो सध्या. आणि गरज काय? काम तर होतंय की सगळं."