हार्मोनची गोळी चिठ्ठीशिवाय का दिली नाही

नमस्कार ताई, आमच्या मेडिकल दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. मायची गोळी चिठ्ठीशिवाय दिली नाही, वरून "वय किती, पाळी कधी गेली, पिशवी काढली का" अशा फालतू चौकश्या केल्या, असं लिहिलंय. बीडातल्या दुसऱ्याही बाया हे वाचतील म्हणून नीट सांगतो.

ती गोळी इस्ट्रोजेनची, म्हणजे पाळी गेल्यावर बाईच्या अंगात कमी होणाऱ्या हार्मोनची. पट्टीवर लाल रेघ असते, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची. पण नुसता कायदा दाखवून मला मोकळं व्हायचं नाही. तुमचं म्हणणं, पुण्याची मावशी पन्नाशीत हीच घेते, हार्टलाही चांगली, मग ६४ वर्षांच्या मायला का नाही. ताई, सगळी गोम वयातच आहे. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आधी चालू केली तर अंगातून वाफा निघणं, रात्री घामानं झोप मोडणं ह्यावर हिच्यासारखं औषध नाही, आणि तब्येत ठीक असली तर धोकाही कमी. साठीनंतर नव्यानं चालू केली तर रक्तात गुठळी, लकवा, हार्टचा धोका वाढतो, कारण तोवर रक्तवाहिन्यांत चरबी साचलेली असते. अमेरिकेत १६ हजारांवर बायांवर मोठा अभ्यास झाला, सरासरी वय ६३, हार्टला फायदा होतो का तेच बघायला, तो २००२ मध्ये मधेच थांबवावा लागला, कारण स्तनाचा कॅन्सर, लकवा, गुठळ्या वाढल्या अन् हार्टला फायदा काहीच दिसला नाही.

पिशवीचं विचारलं कारण पिशवी असली तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं, नाहीतर पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. आणि आपल्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांची पिशवी तरुणपणीच काढलेली. सोबत अंडाशयही काढलं असेल तर हार्टचा, हाडांचा त्रास लवकर मागं लागतो, अशांना उलट हार्मोनची खरी गरज असते अन् नेमकं त्यांनाच कुणी सांगत नाही. लई जीव तुटतो हे बघून.

दुसऱ्या दुकानात लगेच मिळाली म्हणता, पण डॉक्टरला दाखवल्याशिवाय मायला चालू करू नका. आधीच दिली असेल अन् एकच पाय सुजला, छातीत दुखलं, धाप लागली तर लगेच दवाखान्यात न्या. नाहीतर बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासून गायनिकला भेटा. कातडीवर लावायचं जेल पण असतं, त्यात गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी, तेही विचारा. चिठ्ठीवर जे लिहून येईल ते दुकानात नसलं तरी मागवून देतो.