‘सात दिवसांत मांजर ओट्यावरून खाली’: या फॉरवर्डमधलं किती खरं?

‘मांजर ओट्यावर चढतं? सात दिवसांत कायमचं बंद!’ अशा मथळ्याचा मेसेज कोकणातल्या घरगुती ग्रुपांवर सारखा पुढे ढकलला जातो. त्यातले उपाय थोडक्यात असे: ओट्याच्या कडेला लिंबाचा रस आणि निलगिरीचं तेल लावा, कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवा. चढताना दिसलं की तोंडावर पाण्याचा फवारा मारा. कडेला फॉइल पसरा. पोटभर मासे-दूध घाला, मग ते ओट्याकडे बघणारच नाही. शेवटी एक शेरा: मांजराला शिकवता येत नाही, धाकच लागतो.

यातलं फॉइल अर्ध्या कामाचं आहे, फवारा वाया जाणारा आहे आणि तेल-गोळ्यांचा उपाय थेट मांजराच्या जिवावर उठणारा आहे. म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

‘निलगिरी नि डांबरगोळ्या ठेवा, वासानेच पळेल.’ पळण्याआधी ते त्या कडेवर पाय देतं आणि मग पंजा चाटून साफ करतं. जागेपणीचा बराच वेळ मांजर अंग चाटण्यातच घालवतं, त्यामुळे पंजाला जे लागलं ते पोटात गेलंच म्हणून समजायचं. माणसाचं यकृत फिनॉलसारखे पदार्थ ग्लुक्युरोनिक आम्लाला जोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. मांजरात हे काम करणाऱ्या एका विकराचं (एन्झाइमचं) जनुकच निकामी आहे. आपल्याला सहज पचणारी मात्रा त्याच्या अंगात साचत जाते. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, ती याच कारणाने. निलगिरी, टी-ट्री, लिंबू-संत्र्याच्या सालीचं तेल, कापूर, लादी पुसायचं फिनेल ही सगळी मांजराला कमीअधिक घातक. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन लाल रक्तपेशी फोडतं. पावसात कपड्यांना कुबट वास येऊ नये म्हणून घट्ट बंद कपाटात गोळ्या ठेवतात ते एक वेळ चालेल, पण शेजारी तांदळाचा डबा असलेल्या ओट्यावर डांबरगोळी? घरात मांजर नसलं तरी नको.

कुणी हे आधीच करून बसलं असेल आणि मांजराची लाळ गळत असेल, ते झोकांड्या खात असेल किंवा थरथरत असेल, तर अंगाला लागलेलं तेल भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवून काढा. मग चाटू न देता त्याला टॉवेलात गुंडाळा आणि ती बाटली किंवा पाकीट सोबत घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. तेल श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होतो.

लिंबाच्या रसाचा वास फार टिकत नाही, मांजर थोडी वाट बघतं आणि चढतं. नुकसान होतं ते ओट्याचं. आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकघरांत कडप्पा असतो आणि कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. त्याच्यावर आम्ल पडलं की झिलई उडून फिकट डाग पडतात, ते पुसून जात नाहीत. (माशाचा वास काढायला विळीला आणि ताटाला चिंच किंवा कोकम चोळतात ते अगदी बरोबर आहे, कारण वास देणारे अमाइन आम्लाने बांधले जातात. फक्त ते भांड्यापुरतं ठेवावं. कडप्प्याला साबण आणि गरम पाणी.)

‘चढताना दिसलं की पाणी मारा.’ दिसलं तर ना! फवाऱ्याची अडचण हीच की तो माणसाच्या हातात असतो. मांजर शिकतं ते इतकंच: हातात बाटली घेतलेला माणूस वाईट आणि माणूस नसताना ओटा मोकळा. म्हणून फवारा मारणाऱ्या घरांतून पुढे एकच तक्रार येते, ‘दिवसा चढत नाही, रात्री मात्र सगळी भांडी हुंगून ठेवतं.’ काही मांजरं माणसापासूनच लांब राहू लागतात, घाबरून भलत्या जागी मुततात. नाक ओट्यावर घासण्याचा सल्लाही काही जण वर जोडतात, त्यावर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

आधी बघायला हवं की ओटा मांजराला देतो काय. रात्री आठच्या सुमाराचा ओटा डोळ्यांसमोर आणा. बांगडे साफ करून झालेत. विळीच्या पात्याखाली चार खवले चिकटलेले आहेत, सिंकच्या जाळीत कल्ल्याचा तुकडा अडकलाय, तव्यात तळणीचं तेल आहे, नळाचा वायसर गेल्यामुळे पाणी थेंब थेंब गळतंय आणि बर्नरची जाळी अजून गरम आहे. खाणं, वाहतं पाणी, ऊब, उंची आणि वर खिडकी: मांजराला हवं ते सगळं अडीच-पावणेतीन फुटांवर एकत्र मांडून ठेवलेलं. उबेचं कारण तर पावसाळ्यात मोठंच असतं. मांजराच्या शरीराला ३० ते ३८ अंश तापमान सुखाचं वाटतं, आपल्याला आल्हाददायक वाटणारी जुलैतली ओली संध्याकाळ त्याला गारठ्याची असते. त्यातच जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सोडे, सुका बांगडा, बोंबील यांचे डबे ओट्यावरच्याच फळीवर येतात.

दहा वेळा चढून एकदाच काही मिळालं तरी सवय सुटत नाही, उलट घट्ट होते. रोज मिळणारं बंद झालं तर ते लवकर कळतं, कधीतरी मिळणारं बंद झालंय हे कळायलाच वेळ लागतो. त्यामुळे घरातल्या पाच माणसांपैकी चौघांनी नियम पाळला आणि आजीने मासे साफ करता करता एक डोकं ओट्यावरूनच मांजरापुढे केलं, तर चौघांची मेहनत पाण्यात. शिंक्याचं तुटलं, बोक्याचं पटलं असं म्हणतात. शिंकं बांधणाऱ्या बायकांनी बोक्याला धाक घातला नव्हता, लोणी हलवलं होतं.

तेव्हा पहिलं काम ओटा कोरडा आणि रिकामा करणं. मासे ओट्यावर न करता मागीलदारी किंवा न्हाणीत साफ करा, घाण लगेच झाकणाच्या बादलीत टाका. तळणीचं तेल गाळून डब्यात, तवा धुवून पालथा. सिंकची जाळी झोपण्याआधी उपडी करून झटका. वायसर बदला आणि पाण्याचं पसरट भांडं खाण्याच्या ताटलीपासून दूर, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा. इंडक्शनची शेगडी असेल तर भिंतीवरचं बटण बंद करा. तिच्या टचच्या बटणांवर पंजा पडून ती सुरू होऊ शकते.

‘पोटभर मासे-दूध घाला.’ यात तीन चुका आहेत. मांजर निसर्गतः दिवसभरात दहा-पंधरा छोटी जेवणं करणारा प्राणी, सकाळी एकदम वाटीभर घातलं म्हणून संध्याकाळी ते तृप्त राहत नाही. तेवढंच खाणं चार-पाच वेळांत वाटा, त्यातली एक वेळ स्वयंपाकाला लागण्याच्या थोडी आधी येऊ द्या. दुसरी चूक कच्च्या माशांची. तारली-पेडव्यांच्या कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते जीवनसत्त्व ब-१ नष्ट करतं. रोज कच्चे मासेच खाणाऱ्या मांजराची मान खाली झुकते, चाल बिघडते, झटके येतात. शिजवल्यावर हे विकर निकामी होतं. निव्वळ माशांवर मांजर ठेवूही नये, चिकन, अंडं किंवा तयार खाद्य जोडीला हवं. तिसरी चूक दुधाची, ते तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतच नाही.

फॉइल काही मांजरांना सुरुवातीला नको वाटतं, नवी सवय लागेपर्यंत आडकाठी म्हणून चालतं. काहींना दुसऱ्याच दिवशी ते खेळणं वाटतं. ज्वालेजवळ मात्र पसरू नका. फॉइलऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावायची तर आपल्या दमट हवेत तिचा चिकटपणा जातो, म्हणून ती थेट दगडावर न लावता पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लावून ते कडेला मांडावेत. उंदरांचा गोंदाचा पुठ्ठा मात्र कधीच नको.

आता तो शेरा. ‘माजराक कोण शिकवतलो?’ शिकवता येतं, फक्त ‘चढू नको’ हे शिकवता येत नाही. ‘इथे बस’ हे शिकवता येतं. त्यासाठी बसायची जागा ओट्याइतकी किंवा त्याहून उंच हवी: फ्रिजशेजारी फळी, किंवा न डुगडुगणारं उंच स्टूल, ओट्यापासून चारेक फुटांवर, स्वयंपाक दिसेल असं. स्टूल एकदा हललं की मांजर परत त्यावर येत नाही, म्हणून पायाखाली रबर लावा. वर गोणपाटाची घडी; नखं रुततात, ऊबही राहते. पावसात ते बुरशी धरतं, आठवड्याला धुवून चुलीजवळ सुकवा.

खाऊ म्हणून उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेला मासा. मीठ, कांदा, लसूण अजिबात नाही. कांदा-लसूण मांजराला विषारी आहेत. तुकडा मुगाच्या दाण्याएवढा, एका वेळी दहा तुकडे, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा आणि जेवणाआधी. पहिले दोन-तीन दिवस तुकडा स्टुलावर दाखवून चढवा, चारही पाय टेकले की जिभेने ‘टक्’ आवाज करा आणि सेकंदाच्या आत खाऊ द्या. उशीर झाला तर मांजर खाऊचा संबंध उतरण्याशी लावतं. मग तुकडा न दाखवता नुसता हात दाखवा आणि ‘जागेवर’ म्हणा. मग बसण्याचा वेळ वाढवा: पाच सेकंद, दहा, तीस. त्यानंतर ओट्यावर रिकामं पातेलं हलवून बघा, मग भाजी चिरा. मासे सगळ्यात शेवटी.

इथे एक चूक हमखास होते. मांजर ओट्यावर चढतं, आपण उचलून स्टुलावर ठेवतो आणि लगेच खाऊ देतो. चार दिवसांत ते हिशेब जुळवतं: ओट्यावर चढलं की उचलतात, उचललं की खाऊ मिळतो. मग ते खाऊसाठीच ओट्यावर चढू लागतं. म्हणून चढलं तर न बोलता, डोळ्यांत न बघता जमिनीवर ठेवा आणि अर्धा मिनिट काहीच देऊ नका. खाऊ फक्त जमिनीवरून थेट स्टुलावर गेल्यास.

राहता राहिले सात दिवस. ओटा रिकामा केल्यावर पहिले काही दिवस मांजर नेहमीपेक्षा जास्त चढतं, ओरडतं, डब्यांची झाकणं ढकलतं. रोजचं मिळायचं थांबलं की ही उसळी बऱ्याचदा येते आणि नेमकं तेव्हाच लोक ‘उपाय फसला’ म्हणून सोडून देतात किंवा कंटाळून एक तुकडा टाकतात. पुढे चढणं कमी होत जातं. लहान पिल्लू दोन आठवड्यांत वळतं, वर्षानुवर्षं ओट्यावर जेवलेल्या बोक्याला दोन महिने धरून चाला. बंदी उठून नारळी पौर्णिमेच्या सुमाराला ताजी मासळी पुन्हा घरात आली की तोच बोका एकदोनदा ओटा चाचपून बघेल. तेवढे दिवस विळी मागीलदारीच ठेवा आणि स्टुलावरचा खाऊ पुन्हा प्रत्येक वेळी द्या.