भरितावर उतारा: एक कॅप्सूल

थंडी पडली, शेताशेतात भरीत पार्ट्या सुरू झाल्या आणि तुमच्या पॅन्टचं बटण काज्यापर्यंत पोचेना, तर घाबरू नका. आणि कृपा करून चालायला जाऊ नका. जळगावात उन्हाळा ४५ अंशांचा, पावसाळा चिखलाचा, हिवाळा भरिताचा. चालण्याजोगा महिना आपल्या पंचांगातच नाही. मोबाइल उघडा आणि वजन उतरवणाऱ्या कॅप्सूलची, ‘१०० टक्के वनस्पतिजन्य’ लिहिलेली डबी मागवा. हिरवं झाकण, झाकणावर पान. पान कशाचं, हे विचारायचं नसतं.

सुरुवात गार्सिनिया कंबोजियापासून करा. नाव परकं वाटलं तरी आपल्या आमसुलाच्या भावकीतलीच आहे. केरळात हिचं फळ माशाच्या कालवणात घालतात. १९९८ साली अमेरिकेत १३५ लठ्ठ माणसांवर १२ आठवडे हिची परीक्षा झाली. अर्कवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने उतरलं. वा! अर्क नसलेली, नुसती नावाची कॅप्सूल घेतलेल्यांचं ४.१ किलोने. दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही, असा निकाल लागला. (जेवण दोघांचंही कमी केलं होतं, पण एवढा तपशील जाहिरातीत मावत नाही.)

मग ग्रीन कॉफीचा, म्हणजे न भाजलेल्या कॉफीच्या बियांचा अर्क. ज्या अभ्यासावर त्याचा गाजावाजा झाला त्यात माणसं होती १६. आमच्या पार्टीत वांगी भाजायला बसणारेच तेवढे असतात. २०१४ साली तो अभ्यास मागे घेतला गेला. डब्या कुणी मागे घेतल्या नाहीत.

कोंजॅकपासून मात्र सावध राहा. हा आपल्या सुरणाचा सख्खा भाऊ. त्याचा तंतू पोटात पाणी पिऊन फुगतो. रोज ३ ग्रॅम, तीन वेळा विभागून, जेवणाआधी ग्लास-दोन ग्लास पाण्याबरोबर घेतला तर वजन उतरायला मदत होते, हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही मान्य केलंय. पाण्याशिवाय गिळला तर घशातच अडकतो, पण खरा धोका तो नाही. सोबत कमी जेवायची अट आहे! असली अट घालणाऱ्या औषधावर खान्देशी माणसाने विश्वास का ठेवावा?

कुणी यकृताचं नाव काढलंच, ग्रीन टीच्या अर्काचा जास्त डोस त्याला बाधू शकतो म्हणालं, तर ‘झाडपाला आहे, अपाय नाही’ एवढंच ठणकावून सांगा. सांगताना धोतरा कोणत्या कारखान्यात तयार होतो, ते आठवू नका.

आता वापरण्याची पद्धत. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी काळी पडू लागली, बडगीत मिरच्या-लसूण ठेचायला घेतले, की बाजूला होऊन एक कॅप्सूल घ्या. त्यानंतर पुऱ्या मोजायच्या नाहीत. मोजण्याचं काम अर्काचं. तेलाचा तवंग जरा जास्त दिसला तर दुसरी घ्या.

मी स्वतः मेथीच्या अर्काची डबी दोन महिने घेतली. आजीने एक कॅप्सूल फोडून हुंगली आणि म्हणाली, “हाई ते मेथीच शे!” तिला अर्क आणि मेथीतला फरक समजावता समजावता माझी तिसरी बट्टी संपली, तुपासकट.

डबी संपली तरी फेकू नका. झाकण फार घट्ट असतं. आजीने तिच्यात मेथ्या भरून ठेवल्यात, अजून एक किडा नाही.