‘लोकांनी वीज वाचवून काही होत नाही’ हे खरं नाही

गेले काही दिवस चिपळूण-गुहागरकडच्या आणि मुंबईतल्या चाकरमान्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: कडाक्याच्या थंडीत अमेरिका-कॅनडात ‘वीज जपून वापरा’ अशी विनवणी झाली, कुणी ऐकलं नाही, टेक्सास अंधारात गेलं आणि माणसं गारठून मेली. तेव्हा अशी आवाहनं म्हणजे वीज कंपन्यांनी स्वतःचं अपयश लोकांच्या गळ्यात घालण्याची युक्ती. एका घराने दिवा विझवून काही होत नाही. वाचलेली वीज कारखान्यांना जाते. सगळ्यांनी एकदम बंद-चालू केलं तर ग्रीड, म्हणजे केंद्रं आणि वाहिन्या जोडणारं विजेचं जाळं, कोसळते. आणि कोकणात तशी थंडीच नाही, त्यामुळे आपला या प्रकरणाशी संबंध नाही. शेवटी सल्ला दिला आहे की महावितरणने संध्याकाळी वीज जपून वापरायला सांगितलं तर ऐकू नका.

हा सल्ला घातक आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो. मजकुरात काही गोष्टी खऱ्याही आहेत, त्या नाकारणार नाही.

‘कुणी ऐकत नाही.’ सगळा मजकूर या एका वाक्यावर उभा आहे आणि हेच वाक्य चुकीचं आहे. १३ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ घ्या. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात पारा उणे ४० च्या आसपास होता. गॅसवर चालणारी दोन केंद्रं बंद, वारा पडलेला, सूर्य मावळलेला. शेजारच्या प्रांतांकडून फारशी वीज मिळण्यासारखी नव्हती, कारण थंडी त्यांनाही तेवढीच होती. पावणेसातच्या सुमारास लोकांच्या मोबाइलवर आणीबाणीचा इशारा वाजला: अत्यावश्यक तेवढीच वीज वापरा, नाहीतर आळीपाळीने वीज बंद करावी लागेल. काय करायचं तेही नेमकं सांगितलं होतं. नको ते दिवे बंद करा, मोठी यंत्रं नंतर लावा, विजेवरची गाडी आत्ता चार्ज करू नका, विजेच्या शेगडीऐवजी मायक्रोवेव्ह वापरा. काही मिनिटांत मागणी १५० मेगावॉटने उतरली आणि पुढे ही घट २०० मेगावॉटपर्यंत गेली. त्या रात्री आळीपाळीची वीजबंदी करावी लागली नाही.

२०० मेगावॉट म्हणजे त्या प्रांताच्या त्या वेळच्या मागणीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. पण संकट अशाच काठावर उभं असतं. शंभरातली अठ्ठ्याण्णव माणसं काहीही न करता बसली आणि दोघांच्या वाट्याचा वापर थांबला, एवढ्याने काम झालं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं उदाहरण गॅसचं आहे, पण थंडी तीच आणि विनंतीही तशीच. ३० जानेवारी २०१९ रोजी कन्झ्युमर्स एनर्जी या कंपनीच्या रे इथल्या, गॅस दाबून वाहिन्यांत पाठवणाऱ्या कॉम्प्रेसर केंद्राला आग लागली. ऐन गोठवणाऱ्या थंडीत राज्याचा गॅस कमी पडायची वेळ आली. रात्री मोबाइलवर संदेश आला की घरातलं तापमान १८ अंशांवर आणा. हीटर बंद करा असं कुणीही सांगितलं नव्हतं, हे लक्षात घ्या. राज्यपाल ग्रेचेन व्हिटमर यांनी स्वतः चित्रफीत काढून लोकांना विनंती केली. गॅसचा वापर सुमारे दहा टक्क्यांनी कमी झाला आणि घरं उबदार राहिली.

जपानात २२ मार्च २०२२ या दिवसासाठी तर वीजटंचाईचा असा इशारा पहिल्यांदाच दिला गेला. सहा दिवसांपूर्वी फुकुशिमाजवळ भूकंप होऊन औष्णिक केंद्रं बंद पडली होती आणि त्या दिवशी टोकियोत मार्चमध्ये न शोभणारी थंडी पडली. दुपारपर्यंत लोकांनी वीज वाचवली, पण ती पुरेशी नव्हती. डोंगरावरच्या जलाशयात रात्री चढवून ठेवलेलं पाणी दिवसभर सोडून वीज तयार केली जात होती आणि ते पाणी संपत चाललं होतं. मंत्र्यांनी दुपारी उघडपणे सांगितलं की असंच चाललं तर रात्री वीज जाईल. त्यानंतर बचत वाढली, टोकियोतल्या स्कायट्री या उंच मनोऱ्याचे दिवे विझले आणि रात्र निभावली. पाण्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, कोयनेच्या पोफळीतल्या वीजकेंद्राकडे वळल्यावर ती पुन्हा लागेल.

‘टेक्सासला लोकांमुळे अंधार झाला, आणि आवाहन म्हणजे अपयश झाकणं.’ या दोन वाक्यांतलं पहिलं साफ चूक आहे, दुसऱ्यात तथ्य आहे. १४ फेब्रुवारी २०२१ च्या संध्याकाळी टेक्सासची मागणी ६९,२२२ मेगावॉटवर गेली. हिवाळ्यातला तो त्यांचा तोवरचा विक्रम. जपून वापरण्याचं आवाहन तेव्हा झालेलं होतं. पण त्याच रात्री गॅसच्या विहिरी, नळ आणि मोजमापाची उपकरणं गोठली, गॅसवरची केंद्रं धडाधड बंद पडली, आणि कोळसा, पवनचक्क्या, अणुभट्टीचा एक संच यांनाही थंडीने सोडलं नाही. मध्यरात्रीनंतर वीज तोडायला सुरुवात झाली आणि शेवटी एकाच वेळी २०,००० मेगावॉटपर्यंतचा भार बंद ठेवावा लागला. ग्रीडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या प्रवाहाची दर सेकंदाची स्पंदनं, पुरवठा कमी पडला की उतरते; ती ६० वरून ५९.३ हर्ट्झपर्यंत उतरली. ती तशीच राहिली असती तर चार मिनिटं ३७ सेकंदांत सगळं राज्य अंधारात गेलं असतं, असं ग्रीड चालवणाऱ्या एर्कॉटने नंतर सांगितलं. तसं झालं असतं तर वीज परत यायला आठवडे लागले असते.

एवढी तूट लोकांनी घरातली बटणं बंद करून भरून निघत नसते. अल्बर्टात दोनशे कमी पडत होते, इथे वीस हजार. टेक्सासची ग्रीड बाकीच्या अमेरिकेशी जवळजवळ जोडलेलीच नाही, म्हणून शेजाऱ्यांकडून फारशी मदत येऊ शकली नाही. आणि २०११ च्या फेब्रुवारीतही तिथे थंडीने केंद्रं बंद पडली होती. यंत्रणा थंडीला तोंड देईल अशी करा, अशी शिफारस तेव्हाच झाली होती. ती नीट अमलात आली नाही आणि त्याची किंमत माणसांनी दिली. ४५ लाखांवर घरांची वीज गेली, सरकारी नोंदीप्रमाणे २४६ जण दगावले आणि त्यातले बहुतेक थंडीने. घरं दिवसेंदिवस गारठलेली असताना शहरांच्या मध्यभागी रिकाम्या कचेऱ्यांच्या इमारती उजळलेल्या होत्या. लोकांचा संताप रास्त होता. मलाही तो रास्त वाटतो.

पण यातून निघतं ते इतकंच, की बचतीचं आवाहन देखभालीची जागा घेऊ शकत नाही. वीज कंपनीला जाब विचारा. तो विचारत असतानाही संध्याकाळचे दोन तास गिझर बंद ठेवता येतो. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

‘एक दिवा विझवून काय होणार?’ दिव्यापुरतं बोलायचं तर फारसं काही नाही. ९ वॉटचा एलईडी दिवा एक लाख घरांनी विझवला तरी एक मेगावॉटसुद्धा वाचत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने इथे मुद्दाम सर्वांत हलकी वस्तू निवडली आहे. तोच हिशोब गिझरचा करून पाहा. घरगुती साठवणीचा गिझर साधारण २ किलोवॉटचा असतो. एक लाख गिझर म्हणजे २०० मेगावॉट, बरोबर अल्बर्टाला वाचवणारा आकडा. पाच हॉर्सपॉवरचा पंप पावणेचार किलोवॉटचा, म्हणजे जवळजवळ दोन गिझर. इस्त्री, ओव्हन, वॉशिंग मशीनचा पाणी तापवण्याचा भाग, एसी, ही खरी जड उपकरणं. देवापुढचा दिवा, मुलाच्या अभ्यासाचा दिवा, पंखा, यांना हात लावायची गरज नाही. ‘अंधारात बसा’ असं सांगणारं आवाहन मीही मानणार नाही.

‘वाचलेली वीज कारखान्यांना जाते.’ वीज तयार होते त्याच क्षणी वापरली जाते. तुम्ही गिझर लावला नाही तर ती वीज दुसऱ्याकडे पाठवली जात नाही, कुठलं तरी केंद्र तेवढं कमी चालतं. आणि टंचाईत कारखान्यांना सोडून घरांना धरतात हेही सरसकट खरं नाही. मिशिगनमध्ये त्या रात्री जनरल मोटर्सने कारखान्यांतल्या पाळ्या रद्द केल्या होत्या.

यामागे आपल्याकडची एक जुनी खंत आहे, ती मला समजते. कोयनेची वीज पोफळीला, गॅसचा प्रकल्प अंजनवेलला, कोळशाचा जयगडला, आणि पावसाची पहिली सर आली की वाडीत अंधार. पण वाडीतली वीज जाते फांदी पडून, खांब कलंडून, खाऱ्या हवेने इन्सुलेटर खराब होऊन. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे खांबच आडवे झाले, तेव्हा राज्यात विजेचा तुटवडा नव्हता. वाहिनीतला बिघाड बचतीने सुटत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर ती दिशाभूल आहे. उलट, बिघाडाचा राग टंचाईच्या आवाहनावर काढणंही चूक आहे. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

‘सगळ्यांनी एकदम बंद केलं तर ग्रीड पडते.’ ५ एप्रिल २०२० ला हीच भीती होती. रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे मालवायचे होते. मागणी बारा-चौदा हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज होता, ती ३१,००० हून अधिक उतरली. जलविद्युत केंद्रांनी काही मिनिटांत आपली निर्मिती साडेसतरा हजार मेगावॉटने खाली आणली आणि पुन्हा वर नेली. ग्रीड पडली नाही. तेही घड्याळाच्या ठोक्यावर सगळ्यांनी एकदम केलेलं काम होतं. बचतीचं आवाहन काही तासांवर पसरलेलं असतं, कुणी सातला बंद करतो, कुणी साडेसातला. शिवाय ‘लोक ऐकत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हा आकडाही पाहावा. मागणी अंदाजाच्या दुपटीहून जास्त उतरली होती.

‘कोकणात थंडीच नाही, आपला संबंध काय?’ उणे ४० आपल्याकडे कधी येणार नाही. दापोलीत पारा दहा-बारावर आला तरी आपण स्वेटर काढतो आणि कलमांना मोहोर चांगला येईल म्हणून खूश होतो. पण त्या लोकांची अडचण थंडीची असली तरी तिचा सांगाडा आपल्या एप्रिल-मेच्या संध्याकाळशी जुळतो. सूर्य मावळला की सौरवीज संपते, त्याच वेळी घराघरात वापर वाढतो, आणि एखाद-दुसरं केंद्र बंद असेल तर ताण येतो. एप्रिल २०२२ मध्ये उष्णता आणि कोळशाची टंचाई एकदम आली, तेव्हा महाराष्ट्राने हे अनुभवलं आहे.

अशा संध्याकाळी राज्य कुणाकडे पाहतं? चिपळूण तालुक्यातल्या पोफळीकडे. कोळशाचं केंद्र थंड असेल तर सुरू व्हायला तासन्‌तास लागतात, पाण्याची चक्की मिनिटांत फिरते. म्हणून कोयनेची जवळजवळ १,९६० मेगावॉटची क्षमता मुख्यतः कमाल मागणीच्या वेळेसाठी राखून ठेवतात. पण ते पाणी मोजकं आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे आणि ते वर्ष १ जून ते ३१ मे असं मोजलं जातं. हिशोबाचा शेवट नेमका उन्हाळ्यात येतो. पोफळीला पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून पडणारं हजार लिटर पाणी साधारण एक ते सव्वा युनिट वीज देतं. २ किलोवॉटचा गिझर अर्धा तास लावला की एक युनिट. म्हणजे एका घराच्या अर्ध्या तासाला कोयनेचं जवळजवळ हजार लिटर पाणी. टोकियोत त्या दुपारी जसं वरच्या जलाशयातलं पाणी संपत चाललं होतं, तसंच हे मे महिन्यात संपत येतं, फक्त तासांऐवजी आठवड्यांच्या मापाने.

आणि आपल्याच राज्यात लोकांनी हे करून दाखवलेलं आहे. भारनियमनाच्या काळात ‘अक्षय प्रकाश योजना’ आली होती. गावाने एकत्र बसून ठरवायचं की संध्याकाळी शेतीपंप, गिरणी, हीटर चालवायचे नाहीत, आणि त्या बदल्यात गावाचे दिवे-पंखे चालू राहायचे. सक्ती नव्हती. एकाने पंप लावला तर सगळ्या गावाचा भार वाढायचा, म्हणून गावकरीच एकमेकांवर लक्ष ठेवायचे. परदेशातली उदाहरणं लांबची वाटत असतील तर आपल्या वाडीतल्या जाणत्यांना त्या योजनेबद्दल विचारा.

महावितरणकडून मात्र मला चांगल्या आवाहनाची अपेक्षा आहे. ‘वीज जपून वापरा’ हे वर्षभर भिंतीवर रंगवलेलं वाक्य कुणी वाचत नाही. कोणत्या दिवशी, किती ते किती, कोणती उपकरणं, कशामुळे, आणि संकट टळल्यावर ‘आता नेहमीसारखं वापरा’ असा दुसरा संदेश. त्या वेळेत तालुक्याच्या सरकारी कचेऱ्या, जाहिरातींचे फलक आणि मोठी दुकानं आधी मंद झालेली दिसली पाहिजेत. टेक्सासच्या उजळलेल्या इमारतींनी लोकांचा विश्वास कसा मोडला ते वर आलंच आहे.

मजकूर ज्या गटांवर आला आहे तिथे उत्तर देताना एक गोष्ट जरूर लिहा. ज्या घरात ऑक्सिजनचं यंत्र चालू आहे, तान्हं बाळ आहे किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्या घराने आवाहनाच्या वेळीही त्यांच्यासाठी लागणारं काहीही बंद करू नये. त्यांच्या वाट्याचा भार शेजारच्या घरांतल्या गिझर आणि पंपांनी उचलायचा आहे.