धुतलेला कार्बोरेटर आणि बांधलेला कार्बोरेटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही जे बोललात ते माझ्याकडे जुन्या मोटारसायकलींचे कार्बोरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण करून देणारा भाग) बांधून घ्यायला, म्हणजे झिजलेले भाग मापात आणून घ्यायला, येणारी बरीच माणसं मनात ठेवून येतात, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. ज्यांनी कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, दादांचं म्हणणं असं की गल्लीतला मिस्त्री २०० रुपयांत कार्बोरेटर खोलून पेट्रोलने धुऊन हवा मारून देतो, त्याच कामाचे मी ४,५०० घेतो, तेवढ्यात नवीन कार्बोरेटर येतो, वर ई२० ची (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची) भीती घालतो, आणि हा हौशी लोकांना लुटायचा धंदा आहे.

आधी जे बरोबर आहे ते मान्य करतो. मागच्या पोस्टमध्ये मी रेट लिहिला पण त्यात काय काय येतं ते लिहिलं नाही, ती चूक माझीच. आणि रोज कामावर न्यायची नव्वदच्या दशकातली बुलेट असेल, तिचा मिककार्ब कार्बोरेटर पार गेला असेल, तर नवीनच घाला, मीसुद्धा गिऱ्हाइकाला तेच सांगून परत पाठवतो. माझ्याकडचं काम आहे ते अमालचं, म्हणजे जुन्या ब्रिटिश गाड्यांवरच्या कार्बोरेटरचं, नाहीतर जुन्या जावा-येझदीवरच्या जिकोव्हचं. अमालचं मोनोब्लॉक मॉडेल आलं १९५५ ला, कॉन्सेन्ट्रिक १९६७ ला, म्हणजे त्यातला एखादा पीस माझ्या टेबलावर येतो तेव्हा माझ्यापेक्षा वयाने मोठा असतो.

पण "त्याच कामाचे" हे काय मला पटलं नाही. इंजिन बांधलं म्हटलं की इंजिन धुतलं असं कुणी समजत नाही, मग कार्बोरेटरलाच का? कार्बोरेटर घाण होतो तसा तो झिजतोसुद्धा. अमालची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, आत रेस दिली की वर जाऊन हवेची वाट उघडणारी जुनी स्लाइडपण तसल्याच धातूची, दोन्ही मऊ, आणि रेस कमी असताना इंजिन त्या स्लाइडला सारखं आपल्याकडे ओढत असतं, असं पन्नास-साठ वर्षं घासून घासून जी जागा गेली ती पेट्रोलने धुऊन भरून येते का सांगा.

मागच्याच महिन्यात सांगलीहून एक मोनोब्लॉक आला. तक्रार अशी की सकाळी स्टार्ट होते, गरम झाली की स्लो धरत नाही, सिग्नलला बंद पडते. तीन ठिकाणी धुऊन झालेला. मी स्लाइड आत सोडली आणि बॉडी कानाजवळ धरून हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजली. फिलर गेजची ०.३० मिलिमीटरची पट्टी कडेने आरामात आत गेली. म्हणजे रेस पूर्ण सोडली तरी त्या फटीतून हवा आत जाणारच, मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होणारच, मग एअर स्क्रू दिवसभर फिरवत बसा. त्या गाडीला जर मी पण धुऊन दिलं असतं तर ते चौथं धुणं झालं असतं. बॉडीचा बोअर, म्हणजे स्लाइड जिथं सरकते ते भोक, कोल्हापूरच्या उद्यमनगरात सरळ करून घेतला, आणि त्या मापाची ओव्हरसाइज स्लाइड लेथवर करून घेतली. हे सांगायला एक ओळ लागली पण करायला दोन दिवस गेले, कारण स्लाइडच्या खालच्या कडेला जो तिरका काप असतो तो हुबेहूब यायला पाहिजे. अमालच्या स्लाइडवर ३ नंबर असेल तर तो काप ३/१६ इंच, तिथं अंदाजाला जागाच नाही. (कॉन्सेन्ट्रिकला आता इंग्लंडहून हार्ड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची स्लाइड मिळते, ती खूप टिकते, पण बॉडीच ओव्हल झाली असेल तर नुसती स्लाइड बदलून भागत नाही.)

त्याच कार्बोरेटरचा फ्लँज, म्हणजे इंजिनला आवळायचा चपटा भाग, काचेवर झिरो पेपर ठेवून दोनचार हात घासला. नटांच्या दोन्ही कानांना चकाकी आली आणि मधला भाग काळाच राहिला. कुणीतरी जाड पॅकिंग टाकून नट आवळलेत आणि फ्लँज वाकलाय. हे मी फार गांभीर्याने घेतो. फ्लँज वाकला की बोअर दबतो आणि स्लाइड अडकते, कधीकधी उघडीच अडकते. वीस वर्षांपूर्वी आंबा घाट उतरताना माझ्या गाडीची रेस अशीच अडकली होती, ग्रिप सोडली तरी इंजिन ओरडतंय आणि समोर वळण. क्लच दाबून चावी बंद केली म्हणून आज लिहितोय. आदल्या दिवशीच सर्व्हिसिंग झालं होतं, कार्बोरेटर आतून अगदी चकाचक होता.

आता ॲव्हरेजचं. ॲव्हरेज पडलं की मिस्त्री मेन जेट (पेट्रोल मापात सोडणारं भोक असलेला तुकडा) लहान टाकतो. पण मेन जेटचं राज्य असतं पाऊणच्या वर रेस दिल्यावर, आणि गावात तुम्ही पाव ते पाऊणमध्येच चालवता, तिथं नीडल (स्लाइडला लटकलेली निमुळती सुई) आणि ती ज्यात वरखाली होते त्या नीडल जेटचं चालतं. नीडल थरथरत राहते आणि जेटचं भोक हळूहळू ओव्हल होतं. हे जेट इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात, १०५, १०६, १०७ असे नंबर, म्हणजे एका हजारांशाने नंबर बदलतो, डोळ्यांना काही दिसत नाही. पेट्रोल मात्र जास्त जातं. माझ्याकडे पिन गेज (भोक मोजायच्या ठरावीक मापाच्या पिना) आहेत, प्रत्येक जेट मोजून कागदावर लिहितो आणि तो कागद गिऱ्हाइकाला देतो, पैसे घेतो त्यात हा कागद येतो.

आणि जेट साफ करायला घालतात ती स्टीलची तार! जेट पितळेचं असतं दादा. चोंदलं म्हणून तार घातली की भोक मोठं झालंच. ॲसिडमध्ये बुडवून चमकवलेले कार्बोरेटर तर बघवत नाहीत, जस्त खाल्लं जातं, बारीक रस्त्यांची तोंडं कुरतडल्यासारखी होतात, त्यावर माझ्याकडेही इलाज नाही.

ई२० ची भीती मी घातली नाही, जे टेबलावर दिसतं ते लिहिलं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला साधारण १३.५ पट. जेट तेच ठेवलं तर गाडी आपोआप लीन चालते, जास्त तापते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, चार महिने उभ्या गाडीचा फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठायची जागा) उघडला की तळाला पांढरी पावडर बसलेली असते, ते जस्त गंजलेलं. म्हणून गाडी ठेवताना टाकीचा कॉक बंद करून चेंबर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू द्या. याला एक रुपया लागत नाही आणि हे मी मागच्या पोस्टमध्येपण लिहिलं होतं, तुमच्या नजरेतून सुटलं असेल.

राहिली तुमच्या मित्राची गोष्ट, बांधून घेतलेला कार्बोरेटर बसवला तरी गाडी मिसिंग करते म्हणून. तो पीस माझ्याकडचा असो नसो, कार्बोरेटरला हात लावायच्या आधी स्पार्क देणाऱ्या पॉइंटचा गॅप, टायमिंग आणि व्हॉल्व्ह गाइड बघायला सांगा. कार्बोरेटरचा दोष म्हणून माझ्याकडे पाठवलेल्या कितीतरी गाड्यांत पॉइंटला जोडलेला कंडेन्सर गेलेला निघालाय, अशांचे मी कामाचे पैसे घेत नाही.

ते सगळं ठीक असेल तर कार्बोरेटर घेऊन दोघं कोल्हापूरला या. तुमच्यासमोर खोलतो, गेज तुमच्या हातात देतो, माप तुम्हीच घ्या. येताना आधी बदललेली जुनी जेट, नीडल, स्लाइड जे काही डब्यात पडलं असेल ते सगळं आणा, फेकू नका, मूळ नंबर त्याच्यावरच असतो.